पोलिंग एजंटने मशीनची खातरजमा नेमकी कशी करायची? नागपूरच्या नवख्या मुलामुलींसाठी माहिती हवी

वस्ती_वाचनालय (नंदनवन) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयात अभ्यासाला येणारी १८-२० वर्षांची काही मुलंमुली पुढच्या निवडणुकीत पोलिंग एजंट, म्हणजे मतदान केंद्रावर उमेदवाराचे प्रतिनिधी, म्हणून बसायला तयार आहेत. कोणी या पक्षाकडून, कोणी त्या, दोघी जणी एका अपक्षाकडून. पक्ष कोणताही असो, कामाची माहिती सगळ्यांना सारखीच हवी, म्हणून एका रविवारी सर्वांचा मिळून वर्ग घ्यायचं ठरलं आहे.

अडचण अशी की चर्चा सुरू झाली की दोन टोकं होतात. एक गट म्हणतो, मशीन आधीच ठरवून ठेवलेलं असते, एजंट बसवून काय होणार? दुसरा म्हणतो, मशीनवर शंका घेणंच चूक, एजंटने फक्त बोगस मतदार ओळखावा. दोन्हीचा परिणाम एकच: केंद्रावर डोळे उघडे ठेवून कोणी बसतच नाही. मला या वादाच्या पलीकडची माहिती हवी आहे. सकाळी साडेपाचला केंद्रावर पोहोचलेल्या पोरीने काय बघायचं, काय लिहून घ्यायचं, कोणता आकडा जुळला नाही तर काय म्हणायचं? आणि व्हीव्हीपॅटच्या (मत कोणाला गेलं ते कागदावर छापणाऱ्या यंत्राच्या) चिठ्ठ्या पाचच केंद्रांच्या मोजतात, त्या पुरतात का, हेही कोणी गणितानिशी सांगावं.

सतरा_सी यांचे उत्तर

ताई, वर्ग घेता आहात हे फार चांगलं. माझा आग्रह असा की अर्धा वेळ मॉक पोलवर (खऱ्या मतदानाआधीच्या चाचणी मतदानावर) द्या आणि उरलेला अर्धा नमुना १७-सी वर, म्हणजे केंद्रावरच्या मतांच्या हिशोबाच्या कागदावर. मशीनच्या पोटात काय आहे हे एजंटला दिसत नाही, दिसणारही नाही. पण त्यात किती मतं पडली आणि वहीत किती माणसं नोंदली गेली, हे दोन आकडे त्याच्या डोळ्यांसमोर तयार होतात. त्याचा खरा अधिकार तिथं आहे.

आधी मशीनची मांडणी. बॅलट युनिट, म्हणजे उमेदवारांची बटणं असलेला भाग, मतदाराच्या आडोशात असते. त्याची वायर व्हीव्हीपॅटला आणि व्हीव्हीपॅटची वायर कंट्रोल युनिटला जाते. मतं साठवणारं कंट्रोल युनिट मतदान अधिकाऱ्याच्या टेबलावर असते. तिन्हींवर अनुक्रमांक असतात. कोणतं मशीन कोणत्या केंद्रावर जाणार हे संगणकावर दोनदा सरमिसळ करून ठरते आणि क्रमांकांची यादी उमेदवाराला दिली जाते. एजंटने ती यादी उमेदवाराकडून मागून घ्यावी आणि सकाळी पहिल्यांदा तीन क्रमांक ताडून बघावेत. हे दोन मिनिटांचं काम आहे, आणि बहुतेक एजंट नेमकं हेच करत नाहीत.

मॉक पोल मतदानाच्या ९० मिनिटं आधी सुरू होतो. सातला मतदान असेल तर साडेपाचला. एजंट आले नसतील तर केंद्राध्यक्ष साधारण १५ मिनिटं थांबतात आणि मग पुढं जातात, म्हणून पावणेसहाला धापा टाकत पोहोचणं उपयोगाचं नाही. व्हीव्हीपॅट सुरू केल्यावर ते स्वतःच्या तपासणीच्या सात चिठ्ठ्या छापते. नवी मुलं त्या बघून घाबरतात, 'मत न देता चिठ्ठ्या कशा पडल्या' म्हणून. हे वर्गातच सांगून ठेवा.

मॉक पोलमध्ये किमान ५० मतं टाकायची आणि प्रत्येक उमेदवाराला व नोटाला मत पडलंच पाहिजे. कोणी कोणतं बटण किती वेळा दाबलं हे एजंटांनी कागदावर रेघा मारून मोजावं. मग 'क्लोज', 'रिझल्ट' आणि 'क्लिअर' ही बटणं याच क्रमाने. रिझल्ट दाबल्यावर आलेले आकडे, एजंटच्या रेघा आणि व्हीव्हीपॅटमधून काढलेल्या चिठ्ठ्या, तिन्ही जुळले पाहिजेत. त्यानंतर क्लिअर. क्लिअर केल्यावर टोटल दाबून शून्य दाखवायला सांगा. व्हीव्हीपॅटची पेटी उघडून रिकामी दाखवायला सांगा. मॉक पोलच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर शिक्का मारून त्या काळ्या पाकिटात जातात, पाकीट सीलबंद होते आणि त्यावर एजंटच्या सह्या होतात. नंतर कंट्रोल युनिटच्या रिझल्टच्या भागावर हिरवं कागदी सील लागते. त्याचा क्रमांक लिहून घ्या, त्यावर सहीही करता येते.

क्लिअर विसरणं ही सगळ्यात जास्त घोळ घालणारी चूक आहे. ती अप्रामाणिकपणातून होत नाही, घाईतून होते. बाहेर रांग लागलेली असते, सात वाजत आलेले असतात, आणि मॉकची ५० मतं मशीनमध्येच राहून जातात. मतमोजणीला तो आकडा फुगलेला दिसला की 'मतं वाढवली' अशी ओरड होते. सकाळी एका एजंटने 'साहेब, टोटल शून्य दाखवा' एवढं म्हटलं तर ही वेळ येतच नाही.

आता १७-सी. समजा, नमुना १७-ए च्या वहीत दिवसभरात ८४२ मतदारांची नोंद झाली. एकाने सही केल्यावर मत द्यायला नकार दिला, एकाला गुप्ततेचा नियम मोडल्यामुळे मत देऊ दिलं नाही. मग मशीनमध्ये ८४० मतं असायला हवीत. मशीन ८४० दाखवत असेल तर झालं. ८९० दाखवत असेल तर पहिली शंका कशाची घ्यायची, हे आता मुलांना तुम्ही न सांगता कळेल. ८३९ असेल तर कोणीतरी मतदार-चिठ्ठी घेऊन आत जाऊन बटण न दाबता परत गेलं का, ते बघायचं.

निवडणूक संचालन नियमांतल्या नियम ४९-एस प्रमाणे मतदान संपल्यावर १७-सी ची साक्षांकित प्रत हजर असलेल्या प्रत्येक एजंटला द्यावीच लागते, त्याची पोचही घेतली जाते. ही प्रत न घेता घरी गेलेला एजंट दिवसभर बसून रिकाम्या हातानं परतला असं समजा. त्यावर मशीनचे क्रमांक, सीलचे क्रमांक, वहीतली नोंद आणि मशीनमधली मतं, सगळं असते. मोजणीच्या दिवशी आपला मोजणी प्रतिनिधी हाच कागद हातात धरून टेबलासमोर बसतो. रिझल्ट दाबायच्या आधी क्रमांक आणि सील ताडतो, नंतर एकूण मतं.

वस्ती_वाचनालय

खूप आभार. दोन उपप्रश्न. मधेच मशीन बिघडलं तर? आणि एखादा मतदार ओरडला की 'मी याला दाबलं, चिठ्ठी त्याची आली', तर एजंटने कोणाची बाजू घ्यायची?

सतरा_सी

बिघाडाचे दोन प्रकार लक्षात ठेवा. फक्त व्हीव्हीपॅट बिघडलं तर फक्त व्हीव्हीपॅट बदलतात, पुन्हा मॉक पोल होत नाही. कंट्रोल किंवा बॅलट युनिट बिघडलं तर पूर्ण संच बदलतो आणि नव्या संचावर प्रत्येक उमेदवाराला व नोटाला एक-एक मत टाकून मॉक पोल होतो. तोही क्लिअर करावा लागतो, आणि ही दुसरी क्लिअर पहिल्यापेक्षा जास्त विसरली जाते. जुन्या कंट्रोल युनिटमधली मतं जातात कुठं? कुठंच नाही. ते युनिट सीलबंद राहते आणि मोजणीला दोन्हींची बेरीज होते. एजंटने बदलाची वेळ आणि तेव्हाचा टोटल लिहून घ्यावा.

आपल्या भागात उन्हाचाही मुद्दा आहे. मे २०१८ मध्ये भंडारा-गोंदियाच्या पोटनिवडणुकीत व्हीव्हीपॅट मोठ्या संख्येनं बंद पडले आणि ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावं लागलं. आतल्या सेन्सरवर जास्त उजेड पडणं आणि कागदाच्या रोलने ओलावा धरणं, ही कारणं तेव्हा पुढं आली. नंतर सेन्सरवर झाकण आणि वेगळा कागद आला. तरी खिडकीसमोर किंवा थेट बल्बखाली व्हीव्हीपॅट ठेवलेलं दिसलं तर मॉक पोलच्या आधीच टेबल सरकवायला सांगा. एकदा मतदान सुरू झालं की कोणी टेबल हलवत नाही.

चुकीच्या चिठ्ठीच्या तक्रारीत एजंटने कोणाचीच बाजू घेऊ नये, नियम ४९-एमए ची आठवण करून द्यावी. चिठ्ठी काचेमागं ७ सेकंद दिसते. मतदाराला ती चुकीची वाटली तर तो लेखी निवेदन देतो. खोटं निवेदन गुन्हा आहे हे केंद्राध्यक्ष त्याला आधी सांगतात. मग एजंटांसमोर त्याच्याकडून चाचणी मत घेतलं जाते. तक्रार खरी निघाली तर त्या मशीनवरचं मतदान तिथंच थांबते. खोटी निघाली तर चाचणी मताची नोंद १७-सी मध्ये वेगळी होते आणि ते मत मोजणीतून वजा होते. ती नोंद झाली की नाही, हे मात्र एजंटने बघायचं.

गणित_धरमपेठ यांचे उत्तर

पाच चिठ्ठीपेट्यांच्या प्रश्नावर लिहितो. ८ एप्रिल २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या एकाऐवजी पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजायला सांगितल्या. केंद्रं चिठ्ठी टाकून निवडतात. मशीन आणि चिठ्ठ्यांत फरक आला तर नियम ५६-डी प्रमाणे चिठ्ठ्यांचा आकडा धरला जातो. हे अनेकांना माहीत नसते, म्हणून मुद्दाम लिहिलं.

पाच पुरतात का, याला एकच उत्तर नाही. किती मशीन बिघडवली तर निकाल बदलेल, यावर ते ठरते, आणि ते मताधिक्यावर.

एका विधानसभा क्षेत्रात ३५० केंद्रं धरा. समजा, बिघडवलेलं प्रत्येक मशीन १०० मतं एकाची काढून दुसऱ्याला देते, म्हणजे फरक २०० ने बदलतो. जिंकण्याचं अंतर ३५,००० असेल तर निकाल फिरवायला १७५ मशीन लागतील, म्हणजे निम्मी. पाच केंद्रं निवडली तर त्यात एकही बिघडलेलं न येण्याची शक्यता साधारण ३ टक्के. पकडलं जाणं जवळपास नक्की.

आता अंतर फक्त १,४०० आहे असं धरा. सात मशीन पुरतात. ३५० मधली सात, आणि आपण बघणार पाच. पकडलं जाण्याची शक्यता १० टक्क्यांहूनही थोडी कमी. ती ९० टक्क्यांवर न्यायची तर शंभराच्या आसपास केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजाव्या लागतील.

लोकसभेला चित्र बदलते. नागपूर लोकसभेत सहा विधानसभा क्षेत्रं आहेत: दक्षिण-पश्चिम, दक्षिण, पूर्व, मध्य, पश्चिम, उत्तर. सहा पाचे तीस केंद्रं तपासली जातात. १० टक्के मशीन बिघडली असतील तर एका विधानसभेच्या पाचांत ती सापडण्याची शक्यता सुमारे ४१ टक्के, लोकसभेच्या तिसांत ती ९५ च्या पुढं जाते.

२०१९ च्या वादात ४७९ हा आकडा खूप फिरला. देशभरातून ४७९ मशीन तपासली तर २ टक्क्यांहून जास्त मशीन बिघडलेली नाहीत असं ९९.९९ टक्के खात्रीनं म्हणता येते, असा तो हिशोब. हिशोब बरोबर आहे. पण तो सगळ्या देशाला एकच पेटी मानून केलेला आहे, आणि आमदार तर एका मतदारसंघातून निवडून येतो. देशाच्या सरासरीने मध्य नागपूरच्या निकालाची हमी मिळत नाही. 'पाच म्हणजे धूळफेक' आणि 'पाच म्हणजे शास्त्रशुद्ध', या दोन्ही वाक्यांत मताधिक्याचा शब्दच नसतो. माझं स्पष्ट मत: अंतर कमी तेवढी तपासणी जास्त, असा नियम हवा. आज तो नाही.

जुना_मुद्रक

मग सगळ्याच चिठ्ठ्या मोजा ना जी! कागद छापलाच आहे, तर मोजायला काय हरकत? एवढा द्राविडी प्राणायाम कशाला?

गणित_धरमपेठ

तुमची मागणी अवाजवी नाही, भाऊ. पण प्रत्यक्ष काम बघा. चिठ्ठी साधारण १० सेंटिमीटर लांब आणि साडेपाच सेंटिमीटर रुंद. उष्णतेवर छपाई होणारा पातळ कागद, पेटीत गुंडाळी होऊन पडलेला. जाळीच्या खोपटात बसून प्रत्येक चिठ्ठी सरळ करायची, चिन्ह बघायचं, त्या-त्या कप्प्यात टाकायची, २५-२५ चे गठ्ठे बांधायचे. हजारभर चिठ्ठ्यांची एक पेटी साधारण तासभर घेते. त्यात हातानं मोजताना एक-दोनची चूक होतेच आणि पुन्हा मोजावं लागते. सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ च्या निकालात सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली. मात्र चिठ्ठ्या मोजायला यंत्र वापरता येईल का आणि चिठ्ठीवर बारकोड छापता येईल का हे निवडणूक आयोगाने तपासावं, असंही सुचवलं. माझ्या मते ही वाट धरायला हवी. मोजायची पद्धत सोपी झाली की किती मोजायच्या हा वाद निम्मा मिटेल.

कलम_कचेरी यांचे उत्तर

वरच्या निकालातल्या दोन गोष्टी मुलांना नक्की सांगा, कारण निकालानंतरचे दिवस पटापट जातात.

पहिली, निकालात दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकावर राहिलेला उमेदवार निकाल लागल्यापासून ७ दिवसांत लेखी अर्ज करून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या ५ टक्के मशीनमधल्या प्रोग्रॅमची तपासणी मागू शकतो. तपासणी मशीन बनवणाऱ्या कंपन्यांचे, म्हणजे बीईएल आणि ईसीआयएल यांचे अभियंते करतात. खर्च उमेदवाराचा, फेरफार सापडला तर परत. कोणत्या केंद्राची मशीन मागायची हे उमेदवार ठरवतो. इथं एजंटच्या वहीचं मोल कळते. वहीत बिघाडाची, सीलच्या क्रमांकाची नोंद असेल तर अंदाजानं बोट ठेवायची गरज राहत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयाने हेही सांगितलं की तपासणीच्या वेळी मशीनमधला डेटा पुसू किंवा नव्याने भरू नये.

दुसरी, व्हीव्हीपॅटमध्ये चिन्हं भरायचं जे उपकरण असते, सिम्बॉल लोडिंग युनिट, तेही आता सील करून मशीनसोबत निकालानंतर किमान ४५ दिवस ठेवायचं असते. 'मशीन कशालाच जोडलेलं नसते' असं जे सांगितलं जाते, त्यातला हा एक कोपरा आहे. उमेदवार ठरल्यावर चिन्हं बाहेरून भरावी लागतात, म्हणून त्या दिवशी उमेदवाराचा माणूस तिथं हजर असणं महत्त्वाचं. त्याच तयारीत ५ टक्के मशीनवर प्रत्येकी १,००० मतांचा मॉक पोल होतो. तिथं रिकाम्या खुर्च्या दिसणं आपल्याला परवडणारं नाही.

निवडणूक याचिकेची मुदतही निकालापासून ४५ दिवसांचीच. आपल्याकडचे उमेदवार ती मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात दाखल करतात. २०२४ च्या डिसेंबरात नियम ९३ बदलला आणि केंद्रावरचं चित्रीकरण सर्वसामान्यांना मागता येण्याची वाट अरुंद झाली. मला हा बदल मान्य नाही. कॅमेरा जनतेच्या खर्चानं लागतो, तर त्याचं चित्रण कोणत्या अटींवर बघता येईल हे जनतेला कळायला हवं. असो. चित्रण हातात येईल या भरवशावर राहू नका, लेखी नोंदीवर राहा.

कायदा आणि यंत्राच्या नात्याचं एक जुनं उदाहरण वर्गात सांगण्यासारखं आहे. १९८२ मध्ये केरळच्या परूर मतदारसंघात ५० केंद्रांवर पहिल्यांदा ईव्हीएम वापरलं गेलं. १२३ मतांनी निकाल लागला. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या ५० केंद्रांचं मतदान रद्द केलं. मशीन बिघडलं होतं म्हणून नव्हे, तर कायद्यात मशीनने मतदानाची तरतूदच नव्हती म्हणून. तिथं मतपत्रिकेवर फेरमतदान झालं आणि निकाल फिरला. त्यानंतर कायद्यात मशीनने मतदानाची तरतूद करणारं कलम ६१-ए आलं. 'यंत्रावर प्रश्न विचारणं म्हणजे देशद्रोह' असं म्हणणाऱ्या मुलाला हे सांगा. आणि 'न्यायालय ऐकतच नाही' म्हणणाऱ्यालाही.

यादी_भाग यांचे उत्तर

सगळे मशीनवर लिहून राहिले, पण मत जाते ते बहुतेक वेळा मतदार यादीत. मशीनपर्यंत पोहोचण्याआधीच. म्हणून रविवारच्या वर्गाला माझी एक भर.

यादीच्या पीडीएफमध्ये नाव टाकून शोधता येत नाही, ती चित्रासारखी असते. शोधता येईल अशी यादी मिळावी ही मागणी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. तेव्हा डोळ्यानेच वाचावी लागते. पण ते वाटते तितकं अवघड नाही. एका पानावर ३० नावं असतात. १,२०० मतदारांच्या भागाची सुमारे ४० पानं. चार जण, प्रत्येकी दहा पानं, एका दुपारचं काम. वाचताना पेन्सिलीने खुणा करा: एकाच घर क्रमांकावर नको इतकी नावं, एकच फोटो दोनदा, वडिलांच्या नावाच्या जागी भलतंच काही, आणि वस्तीतल्या सगळ्यांना माहीत असलेले मृत मतदार.

विदर्भात शुद्धलेखनाची गंमत वेगळीच. वानखेडे आणि वानखडे. ढोके आणि धोके. इंग्रजी अर्जातून मराठी नाव संगणक तयार करतो, तिथं 'ड' चा 'द' होतो आणि पोर्टलवर नाव टाकून शोधलं तर 'मतदार सापडला नाही' असं येते. माणूस समजतो नाव कटलं, आणि नवा नमुना ६ भरून टाकतो. मग त्याचं नाव दोनदा लागते आणि उद्या त्यालाच दुबार मतदार म्हणतात! नावाने शोधूच नका. ओळखपत्राचा क्रमांक, तीन अक्षरं आणि सात अंक, तो टाका. जुन्या 'एमटी/' ने सुरू होणाऱ्या कार्डाचा क्रमांक आता बदललेला असतो, म्हणून त्यांनी बीएलओकडून (आपल्या केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडून) नवा क्रमांक घ्यावा.

पत्ता बदलला, इंदोऱ्याहून मानेवाड्याला गेलात, तर नमुना ८. चूक दुरुस्तीलाही ८. नमुना ६ फक्त पहिल्यांदा नोंदणी करणाऱ्यासाठी. दुसऱ्याचं नाव काढायला आक्षेप घ्यायचा असेल तर नमुना ७. तो त्याच मतदारसंघातल्या मतदाराने आपल्या नावासह द्यायचा असतो, आणि ज्याचं नाव काढायचं त्याला नोटीस जाऊन म्हणणं मांडायची संधी मिळाली पाहिजे. तुमच्या गल्लीत नमुना ७ चे गठ्ठे आले असं कळलं तर ज्यांची नावं त्यात आहेत त्यांच्या घरी जा. नोटीस बंद दाराला चिकटवून गेली तर माणसाला कळतच नाही. नोंदणी अधिकाऱ्याच्या निर्णयावर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील, त्याविरुद्ध ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे.

यादी निवडणुकीपर्यंत उघडी राहते असं समजू नका. उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या तारखेनंतर नाव चढत नाही, आणि आक्षेपासाठी ७ दिवस लागतात, म्हणून त्याच्या किमान १० दिवस आधी अर्ज गेलेला असावा.

वस्ती_वाचनालय

मनपाच्या निवडणुकीलाही हेच सगळं लागू आहे का? आमच्याकडे पोरांची जास्त धावपळ तिथंच असते.

यादी_भाग

नाही, आणि इथं सगळे चुकतात. मनपाची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, त्याची मशीन वेगळी, नियम वेगळे. आपल्याकडे ३८ प्रभाग, १५१ जागा. सदतीस प्रभागांत चार-चार, एकात तीन. राज्य आयोग स्वतःची यादी करत नाही. ठरावीक तारखेची विधानसभेची यादी घेऊन ती प्रभागांत फोडतो. म्हणून प्रभागाच्या प्रारूप यादीवर हरकत घेता येते ती 'मी या प्रभागात राहतो, नाव पलीकडे गेलं' अशी. 'माझं नावच नाही' या तक्रारीवर तिथं इलाज नाही. त्या तारखेआधी विधानसभेच्या यादीत नाव असायला हवं होतं. हद्द नाल्यावरून किंवा रस्त्याच्या मधून जाते तिथं एका इमारतीची नावं दोन प्रभागांत पडलेली दिसतात, ती हरकतीच्या आठ-दहा दिवसांतच सांगावी लागतात.

सतरा_सी

मशीनचंही सांगतो. मनपाच्या मतदानात मतदार चार मतं देतो, अ, ब, क, ड जागांसाठी. मतपत्रिकांचे रंग पांढरा, फिका गुलाबी, फिका पिवळा, फिका निळा. चारही मतं दिल्याशिवाय बझर वाजत नाही. लोक दोन बटणं दाबून निघतात आणि पुढचा मतदार येऊन उभा राहतो. अशा वेळी आधीच्याला थांबवून उरलेली मतं द्यायला सांगणं, कोणी पसंत नसेल तर नोटा दाखवणं, हे मतदान अधिकाऱ्याचं काम. एजंटने तेवढं लक्ष ठेवावं. तिथं व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठीचा पुरावा नसल्यामुळे मॉक पोल, सील आणि संध्याकाळचे एकूण आकडे एवढ्यावरच सगळं उभं आहे. म्हणून तिथं रेघा मारायचा कागद चार रकान्यांचा करा, प्रत्येक जागेला एक.

संध्याकाळबद्दल एक राहिलं, ते लोकसभा-विधानसभेसाठी. 'रात्रीतून टक्का कसा वाढला' हा प्रश्न दरवेळी येतो. दिवसभर दर दोन तासांनी जे आकडे जातात ते फोनवरून कळवलेले अंदाज असतात. सहा वाजता जे रांगेत आहेत त्यांना मत द्यायचा हक्क असतो. केंद्राध्यक्ष रांगेच्या शेवटून पुढं अशा क्रमाने सही केलेल्या चिठ्ठ्या वाटतात, म्हणजे नंतर आलेला मागं लागू शकत नाही. सहाच्या ठोक्याला एजंटने दोन गोष्टी लिहाव्या: किती चिठ्ठ्या वाटल्या आणि तेव्हा मशीनचा टोटल किती. समजा टोटल ७६१ आणि चिठ्ठ्या ८१, तर शेवटी ८४२ च्या आत-बाहेर येणार. हे दोन आकडे ज्या केंद्रांवर लिहिलेले असतील तिथली वाढ कुठून आली हे कागदावरच दिसेल.

बॅटरीचंही विचारतील. नवीन मशीनची बॅटरी ७.५ व्होल्टची असते आणि व्होल्टेज ७.४ च्या वर असेपर्यंत पडद्यावर ९९ टक्केच दिसते. म्हणून एका मशीनवर ९९ आणि शेजारच्यावर ७० दिसलं तरी तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. १७-सी चा आकडा बघा.

कलम_कचेरी

एक छोटी पण अडवणारी गोष्ट. एजंटची नेमणूक नमुना १० वर होते आणि त्यावर उमेदवाराची किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीची सही लागते. आदल्या रात्री सह्यांसाठी धावपळ होते आणि सकाळी सही जुळत नाही म्हणून मुलं दाराशीच अडकतात. दोन प्रती करा, एक केंद्राध्यक्षाला द्यायची. एजंटकडे स्वतःचं मतदार ओळखपत्र असावं, शक्यतो त्याच केंद्राच्या यादीतला असावा. एका वेळी आत एकच जण बसतो, बदली एजंट बाहेर. खुणा केलेली यादी मतदान चालू असताना बाहेर नेता येत नाही. आत मोबाइल चालत नाही, म्हणून सगळं कागदावर. दोन पेनं, एक पट्टी, रेघांचा कागद आणि वही.

वस्ती_वाचनालय

रविवारी अकराला वर्ग ठेवते. पहिला तास १७-सी भरायचा सराव, ८४२ चंच उदाहरण घेते. दुसऱ्या तासाला आमच्या भागाची यादी छापून दहा-दहा पानं वाटणार. यादी_भाग, वानखडे आमच्याकडे तेवीस आहेत, त्यांच्या कार्डांचे क्रमांक आधीच गोळा करायला सांगितले.